मंदाकिनीबाईंची टाळी

१

वारज्यात हायवेच्या कडेला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक अख्खं पुणं नांदत होतं. नांदत होतं म्हणजे, संगणकात होतं. त्यात टेकड्या होत्या, नदी होती, मांजरीपासून खडकवासल्यापर्यंतच्या सगळ्या इमारती होत्या, उन्हाळ्यातली तापलेली हवा होती आणि पश्चिमेकडचा वाराही होता. नव्हती ती फक्त माणसं. त्यामुळे हॉर्न नव्हते, भुंकणारी कुत्री नव्हती आणि पत्ता विचारणाऱ्याला मिळणारी ती खास उत्तरंही नव्हती. "हे पुणं विकायला काढलं ना," तिथे काम करणारा केयूर म्हणायचा, "तर पहिल्याच दिवशी बुकिंग फुल्ल!"

या निर्मनुष्य पुण्यात तोफा डागायच्या आणि त्या कुठून डागल्या ते नुसत्या आवाजावरून शोधून काढायचं, हा तिथल्या मंडळींचा पोटापाण्याचा उद्योग. लष्करातल्या शिकाऊ जवानांसाठी ते एक प्रणाली तयार करत होते. तिचं नाव 'कानोसा'. तत्त्व अगदी घरगुती. सोसायटीत कुठेतरी कुकरची शिट्टी झाली की शेजारच्या काकूंना ती आधी ऐकू येते, पलीकडच्या विंगेतल्या काकूंना किंचित उशिरा. सगळ्या काकूंनी प्रामाणिकपणे आपापली वेळ सांगितली, तर शिट्टी नेमकी कोणाच्या ओट्यावर झाली ते नकाशावर बोट ठेवून सांगता येतं. कानोशात काकूंच्या जागी शहरभर पेरलेले मायक्रोफोन होते, तेही संगणकातलेच. आणि कुकरच्या जागी तोफ. एवढाच काय तो फरक.

दिवसाची पहिली तोफ डागण्याआधी कानोशाचे कान ठिकाणावर आहेत ना, हे तपासायचं काम स्पृहाचं. आधी 'टाळीफेरी', मग 'कोरी फेरी'. टाळीफेरीत त्या रिकाम्या पुण्यात एका ठरलेल्या जागी टाळी वाजवायची आणि कानोशानं ती जागा सांगायची. कोरी फेरीत काहीच वाजवायचं नाही, आणि कानोशानं मुकाट्यानं 'आवाज नाही' म्हणायचं. मग चहा.

टाळी मात्र खरी होती आणि तिची मालकीणही खरी. मागच्या उन्हाळ्यात केयूर एक मायक्रोफोन आणि पिशवीभर फुगे घेऊन स्पृहाच्या बिबवेवाडीच्या घरी आला होता. गच्चीवर फुगे फोडून त्याला लहानसा, टणक, स्वच्छ आवाज टिपायचा होता. तिथे स्पृहाच्या सासूबाई, मंदाकिनीबाई, कुरडया वाळत घालून पहारा देत बसलेल्या. फुग्यांनी केयूरचा घामटा काढला. एकही आवाज मनासारखा येईना. तेवढ्यात कठड्यावरून एक कावळा कुरडयांवर उतरला आणि मंदाकिनीबाईंनी बसल्या जागेवरून अशी एक टाळी ठोकली की कावळा सोडा, केयूरच्या हातातला फुगाही सुटला. लॅपटॉपवर त्या टाळीची रेघ सुईसारखी सरळ वर गेली होती. तिच्या मागोमाग काचेच्या बांगड्यांची बारीक किणकिण.

"ही बाई आपल्याकडे नोकरीला का नाही?" ते ध्वनिमुद्रण ऐकून दिगंबर सर म्हणाले. दिगंबर सर म्हणजे कंपनीचे सर्वेसर्वा. आयुष्यभर तोफांचे आवाज ऐकून निवृत्त झालेले आणि निवृत्तीनंतर पुन्हा तेच करत बसलेले. वस्तू जिथली तिथे ठेवायची, हा त्यांचा दंडक. म्हणून संगणकातल्या पुण्यातही ती टाळी बिबवेवाडीच्या त्याच इमारतीच्या त्याच गच्चीवर बसवली गेली. तेव्हापासून रोज सकाळी त्या चिडीचूप शहरात मंदाकिनीबाई टाळी वाजवत होत्या. भजनी मंडळात त्यांनी सांगून टाकलं होतं, "मी आता लष्करात असते."

२

एका सकाळी टाळीफेरी नेहमीसारखी पार पडली आणि कोरी फेरीत कानोसा म्हणाला, आवाज आहे.

स्पृहानं नकाशा पाहिला. हडपसरच्या पुढे, मांजरीच्याही पलीकडे, जिथे त्यांचं पुणं संपत होतं अगदी त्या काठावर एक लाल टिंब उमटलं होतं. तिनं कोरी फेरी पुन्हा घेतली. आवाज नाही. आधी टाळी वाजवून मग घेतली. टिंब हजर.

"मेमरी क्लिअर केलीस?" केयूरनं खुर्चीतून मान न वळवता विचारलं.

"केली."

"मग चहा घेऊन ये. तोपर्यंत आपोआप सुधारेल. आमच्याकडचा मिक्सर असाच सुधारतो."

चहा झाला. टिंब सुधारलं नाही. स्पृहानं हेडफोन लावून तो आवाज ऐकला. अगदी पुसट होता. दगडावर दगड आपटावा तसा कोरडा, एकच ठोका. तिनं मनातल्या मनात नेहमीचे संशयित उभे केले: गणितातली चूक, फाइलमधला कचरा, केयूर. शेवटचा सगळ्यात संभाव्य होता, पण त्यानं आईची शपथ घेतली.

"प्रतिध्वनी असेल," दिगंबर सर म्हणाले.

"प्रतिध्वनी आपण बंद ठेवलाय, सर."

"मग चालू झाला असेल. मुली, ज्या गोष्टी आपण बंद केल्या म्हणतो, त्याच सगळ्यात जास्त चालू असतात." त्यांनी स्वतः बसून सगळं तपासलं. प्रतिध्वनी बंद होता. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा तपासलं. बंदच होता.

दुसऱ्या दिवशी टिंब हडपसरच्या बाजारापाशी होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिथून अलीकडे, लुल्लानगरच्या चढावर.

"सर, हा प्रतिध्वनी नव्हे," स्पृहा म्हणाली.

"ते मलाही कळलंय," दिगंबर सर म्हणाले. "प्रतिध्वनी जागच्या जागी बसून उत्तर देतो. चालत येत नाही."

सगळे हसले. स्पृहाही हसली. मग तिनं उगाचच लुल्लानगरवरून पुढे नकाशावर बोट सरकवलं. रस्ता सरळ बिबवेवाडीकडे जात होता. तिनं बोट काढून घेतलं आणि हाताला काही लागलं असावं तसं ओढणीला पुसलं.

३

स्पृहाचा नवरा सौमित्र जहाजावर असायचा. वर्षातले बरेच महिने तो समुद्रात आणि सासू-सुना बिबवेवाडीत, असा संसार. लोकांना वाटायचं, दोघी एकमेकींचं डोकं खात असतील. त्या खायच्या भेळ. मंदाकिनीबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. सून घरी आली त्या आठवड्यातच त्यांनी जाहीर केलं होतं, "हे बघ, मला मुलगी नाही आणि तुला आई नाही. दोघींचं काम एकाच खर्चात होतंय, तर उगाच सासू-सून कशाला खेळायचं?"

स्पृहाची आई ती लहान असतानाच गेली होती. आई कशी असते, हे ती मंदाकिनीबाईंकडे बघून शिकली. घरी परतल्यावर जिन्यातच आतून येणारा त्यांचा रेडिओ ऐकू आला की तिचा सगळा शीण उतरायचा. हे तिनं त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांना ते ठाऊक होतं.

"आज काय पराक्रम केला माझ्या टाळीनं?" त्या संध्याकाळी मंदाकिनीबाईंनी चीक ढवळत विचारलं. यंदाच्या कुरडयांचा घाणा लागला होता. घरभर गव्हाचा आंबूस वास.

"उत्तम चाललीय," स्पृहा म्हणाली.

"मग तोंड का असं?"

"उन्हानं."

"उन्हानं माणूस काळवंडतो. पांढरा नाही पडत," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी चिकाची वाटी तिच्या पुढ्यात सरकवली. "खा. वर थोडं तेल घाल. तुझ्या त्या संगणकाला काय झालंय ते त्याचं तो बघेल."

स्पृहानं खाल्लं. खाता खाता तिला हसू यायला लागलं. लाल टिंब! एवढ्या शिकल्या-सवरलेल्या बाईनं एका टिंबाला घाबरायचं! उद्या चूक सापडेल, केयूर तिची महिनाभर टिंगल करेल, आणि झालं. तिनं आणखी थोडा चीक वाढून घेतला.

४

चूक सापडली नाही. टिंब गंगाधामच्या चौकात आलं, मग तिथून आत वळलं.

"टिंबाला वन-वे पण माहितीय," केयूर म्हणाला. पण त्याची गंमत आता अर्ध्यावर विरायला लागली होती. कारण नुसतं टिंब जवळ येत नव्हतं. आवाजही बदलत होता. आधीचा दगडाचा ठोका मऊ झाला होता. मग तो लाकडासारखा झाला. मग एका सकाळी स्पृहानं हेडफोन लावले आणि लगेच काढून केयूरच्या हातात दिले. त्यानं ऐकलं.

"टाळी आहे," तो म्हणाला.

"नीट ऐक."

"टाळीच आहे की. थोडी... ओली वाटते. दोन्ही तळवे नीट बसत नाहीयेत." त्यानं पुन्हा ऐकलं. "अगं, कोणीतरी टाळी वाजवायला शिकतंय."

त्या दिवशी त्यांनी तोफा डागल्याच नाहीत. सगळी दुपार स्पृहानं टाळीशी टाळी ताडून पाहिली. मंदाकिनीबाईंची रेघ वर, उत्तराची रेघ खाली. रोजच्या रोज खालची वरच्यासारखी होत गेली होती. तिच्या तर्कबुद्धीनं शेवटचा एक खांब धरून ठेवला होता: मूळ टाळीचीच नक्कल प्रणालीत कुठेतरी झिरपत असेल, आणि रोज थोडी जास्त झिरपत असेल. पटण्यासारखं होतं. पण झिरपणारं पाणी असं वळणं घेत रस्त्यारस्त्यानं येत नाही.

मग एका सकाळी कानोसा म्हणाला, आवाज आहे, आणि टिंब त्यांच्या सोसायटीच्या फाटकात होतं. स्पृहानं ऐकलं. टाळी आता स्वच्छ, टणक, हुबेहूब. आणि तिच्या मागोमाग बारीक किणकिण.

"बांगड्या," केयूर म्हणाला. त्यानं खुर्ची मागे सरकवली. "स्पृहा, आय ॲम सॉरी, पण मला हे आता फनी वाटत नाहीये."

दिगंबर सरांनी हेडफोन बराच वेळ कानावर ठेवले. काढल्यावर ते खिडकीपाशी जाऊन हायवेकडे बघत उभे राहिले.

"आम्ही उमेदीत असताना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचे," ते म्हणाले. "तोफ आवाज करते म्हणून सापडते. ऐकणारा सापडत नाही, कारण तो गप्प असतो. ऐकणाऱ्यानं कधीही आवाज करायचा नसतो. आणि आपण काय केलं? वर्षभर, रोज सकाळी, एकाच जागेवरून..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग ते स्वतःशीच चिडले. "मूर्खपणा आहे. बग आहे. टाळी काढून टाक, बग जाईल."

स्पृहा तेच करत होती. तिनं टाळी पुसली. आईंच्या टाळीनं आता त्याला कोणी हाक मारणार नव्हतं, निदान तिच्या हातून तरी नाही.

५

दुसऱ्या दिवशी टाळीफेरी झाली नाही. संगणकातलं पुणं पहिल्यांदाच पूर्ण शांत होतं. दुपारपर्यंत टाळून शेवटी स्पृहानं कोरी फेरी सुरू केली आणि खुर्चीत मागे टेकली.

कानोसा म्हणाला, आवाज आहे.

आणखी एक. आणि आणखी एक. पडद्यावर एकावर एक टिंबं पडत राहिली. सगळी सोसायटीच्या आत. फाटक, मग पार्किंग, मग जिना. कोणी हाक मारत मारत घर शोधावं, आणि ओ येईना म्हणून पुढच्या दारी जावं, तसं. शेवटी टिंबं एका जागी थांबली आणि तिथेच पडत राहिली. गच्ची.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. "आई" अशी अक्षरं उमटली.

"अगं स्पृहा, दुपारच्याला तुला त्रास देत नाही मी कधी," मंदाकिनीबाई म्हणाल्या, "पण वर गच्चीवर कोण टाळ्या पिटतंय गं? मघापासून चाललंय. माझी पाठ टेकली होती जरा. कुरडया वर आहेत ना माझ्या. बघून येते."

"आई, जाऊ नका!"

"का? चोर टाळ्या वाजवून येतात का?" आणि त्या हसल्या आणि फोन ठेवला. पुढचे सगळे फोन वाजत राहिले, कोणी उचलले नाहीत.

स्पृहा बायपासनं कात्रजवरून स्कूटर हाणत घरी आली. ऊन रणरणत होतं. रसवंतीच्या घुंगरांपासून शाळेच्या रिक्षापर्यंत सगळं जिथल्या तिथे, रोजच्यासारखं होतं, आणि तिला त्या सगळ्याचा राग येत होता. लिफ्टची वाट न बघता ती जिने चढली. गच्चीचं दार सताड उघडं.

मंदाकिनीबाई छत्री उघडून, स्टुलावर बसून, पेपर वाचत होत्या.

"आलीस? कोणी नाही बाई इथे," त्या म्हणाल्या. "मी आले तर बंद. पोरं असतील कोणाची तरी. तू कशाला एवढी धापा टाकतेस?"

स्पृहाला रडू फुटलं आणि हसूही. ती त्यांच्याजवळ जाणार, एवढ्यात तिचं लक्ष दोरीकडे गेलं. दोरीवर पांढरी चादर वाळत होती. सूर्य पलीकडच्या बाजूला होता. चादरीवर पलीकडून सावली पडली होती. दोन हातांची. छातीच्या उंचीवर, समोरासमोर धरलेले दोन तळवे, मध्ये वीतभर अंतर. मनगटांवर बारीक रेघा. हातांच्या वर डोकं नव्हतं, खाली पाय नव्हते. हात अगदी स्थिर होते. कशाची तरी वाट बघत होते.

वारा आला. चादर उडून दोरीवर गुंडाळली गेली. पलीकडे नुसती पाण्याची टाकी होती.

"आई, खाली चला."

"कुरडया..."

"कुरडया गेल्या खड्ड्यात!"

मंदाकिनीबाईंनी सुनेकडे बघितलं. असं ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती. त्यांनी छत्री मिटली आणि तिचा हात धरून त्या खाली आल्या. तिला पंख्याखाली बसवून पन्हं दिलं. "लागलंय ऊन तुला," त्या म्हणाल्या. स्पृहा पेला दोन्ही हातांनी धरून त्यांच्याकडे बघत राहिली. या बाईला काही झालं तर आपण जगणार नाही, असं तिला वाटलं. हे इतकं साधं वाक्य होतं की तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

६

गप्प राहून भागणार नव्हतं, हे तिला आता कळलं होतं. हाक थांबली की ते स्वतः शोधत सुटतं. म्हणजे हाक मारायलाच हवी. फक्त दुसरीकडून, आणि दुसऱ्या कोणाच्या तरी हातांनी.

सकाळी ऑफिसात आल्या आल्या तिनं केयूरला मायक्रोफोन धरायला लावला आणि स्वतःची टाळी वाजवली. बांगड्या नाहीत, फक्त घड्याळाच्या पट्ट्याचा किंचित खट्. ती टाळी तिनं संगणकातल्या खडकवासल्याच्या धरणात, पाण्याच्या पार मधोमध बसवली. तिथे ना गच्ची, ना घर, ना कोणाची आई.

"तू स्वतःची का दिलीस?" केयूरनं विचारलं. "माझी घ्यायची. माझ्यामागे असंही कोणी येत नाही."

तिनं बटण दाबलं. टाळीफेरी. मग कोरी फेरी. टिंब उमटलं, ते धनकवडीत. दुसऱ्या दिवशी सिंहगड रस्त्यावर. ते चाललं होतं. पश्चिमेकडे, पाण्याकडे, तिच्या टाळीकडे. घरी गच्ची शांत होती, मंदाकिनीबाई कुरडया डब्यांत भरून ठेवत होत्या आणि शेजारणींना वाटत होत्या. स्पृहाला रात्री शांत झोप लागायला लागली. टिंब धरणापाशी पोचलं की टाळी उचलून दुसरीकडे, भुगावच्या टेकडीवर नेऊन ठेवायची, असं तिनं ठरवलं. पाहुणा जाणार नसेल तर त्याला फिरवत तरी ठेवावा. आयुष्यभर रोज सकाळी एक टाळी; इतकं काही कठीण काम नव्हतं. आईंसाठी तर नव्हतंच.

आणि मग एके दिवशी ऑफिसात आंबा बर्फी आली. दिगंबर सर पांढरा शर्ट घालून आले होते. कानोसा लष्कराच्या ताब्यात गेला होता. देशभरातल्या प्रशिक्षण केंद्रांत बसवून झाला होता. आज सकाळपासून सगळीकडे चालू. टाळ्यांचा कडकडाट झाला. स्पृहा दचकली, मग स्वतःलाच हसली आणि बर्फीचा तुकडा तोंडात टाकला.

"माझी नवी टाळी चालली ना त्यांच्याकडे नीट?" तिनं विचारलं.

"नवी कशी जाईल?" दिगंबर सर म्हणाले. "गेल्या महिन्यात तपासून, सह्या होऊन मोहोरबंद झालेली प्रत होती, तीच गेली. तपासलेल्या प्रतीला हात लावायचा नाही, हा नियम माझा नाही, शहाणपणाचा आहे. तुझा बदल छानच आहे. पुढच्या आवृत्तीत घालू."

बर्फी स्पृहाच्या तोंडात तशीच राहिली. "म्हणजे त्यात आईंची टाळी आहे."

"हो."

"बिबवेवाडीच्या गच्चीवर."

"वस्तू जिथली तिथे," दिगंबर सर म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचाही चेहरा उतरला. केयूर पडद्याकडे बघत होता. तो हळूच म्हणाला, "पण आपल्याकडे त्याला यायला वर्ष लागलं होतं, स्पृहा. बराच टाइम आहे."

"तेव्हा वाट माहीत नव्हती," स्पृहा म्हणाली. प्रत्येक केंद्रात एक रिकामं पुणं. प्रत्येक पुण्यात आज सकाळी एक टाळी. तिनं फोन काढला. पहिल्याच रिंगला मंदाकिनीबाईंनी उचलला.

"बरं झालं केलास!" त्या आनंदानं म्हणाल्या. "अगं, गच्चीवर काय गर्दी जमलीय! हास्यक्लब सुरू झालाय वाटतं आपल्या सोसायटीत, मला कोणी कळवलंसुद्धा नाही. काय टाळ्या चालल्यात!"

त्यांच्या आवाजामागे ते स्पृहाला ऐकू येत होतं. एकाच वेळी अनेक, पावसाच्या सरीसारख्या टाळ्या, आणि त्यांच्यामागोमाग किणकिण.

"आई, वर जाऊ नका. दार लावून घ्या. मी निघालेय."

"वरच आहे मी. पण चादरी वाळत घातल्यात ना कोणी, सगळ्या त्यांच्या पलीकडे आहेत. दिसत कोणीच नाही नीट."

"आई, तुम्ही कुठे आहात? दारापाशी आहात का? आई!"

"ओरडू नकोस गं, या गोंगाटात तुझं काही कळत नाहीये. थांब, मी एक टाळी वाजवते. तुझा एवढा तयार कान आहे, तुला लगेच कळेल मी कुठेय."

"नको!" स्पृहा किंचाळली. खोलीतले सगळे तिच्याकडे बघायला लागले.

फोनमध्ये क्षणभर सगळं शांत झालं. मग टाळी वाजली. स्वच्छ, टणक, मागे बांगड्यांची किणकिण. तिच्यावर दुसरी वाजली, अगदी तशीच. आणि तिसरी, आणि मग सगळ्या.

"आई? आई, बोला ना माझ्याशी."

 टाळ्या वाजत राहिल्या. स्पृहा फोन कानावर घट्ट दाबून, डोळे मिटून ऐकत राहिली. त्यांतली आईंची टाळी कोणती, ते तिला ओळखता येईना.